आक्काचं ते एक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, लेकींना तर नाहीच. देवापुढं बसून कैकदा तोंड उघडलं, पण तिथंही दुसरंच काहीतरी मागून उठले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या भावकीतले नाही. उद्या चुलीपुढं बसून मला तुमच्या तोंडाकडं बघावं लागणार नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

आमच्या वयाच्या बायका कुठं जमल्या—हळदीला म्हणा, दहाव्याला म्हणा—की आयुष्याचा जमाखर्च मांडतात. काय काय बघितलं, काय राहून गेलं. कुणी काशी करून आलेली असते. कुणी विमान नुसतं खालून बघितलेलं असतं, तरी तेच तासभर सांगते. मी समुद्र बघितला नाही. सिनेमा पहिल्यांदा बघितला तो तीन लेकरं झाल्यावर. पण मला पोहता येतं! माहेर कोल्हारचं, प्रवरेच्या काठचं. पाण्यात वाढलेली पोरगी मी, हे सासरच्या कोरड्या गावात कुणाला खरंच वाटत नाही.

आणि हे सगळं सांगून झालं की गाडी शेवटी एकाच ठिकाणी येते—किती झाली, किती राहिली? बाईच्या जन्माचा खरा हिशोब तोच, असं आम्ही मानत आलो. माझं उत्तर पाठ आहे. तीन झाली, एक पडलं. बायका चुकचुकतात. एखादी माझ्या हातावर हात ठेवते. आणि ती हळहळ मी घेते, गुमान घेते. त्या उत्तरातलं अर्धं खोटं आहे. कुठलं अर्धं, तेच सांगायला बसलेय—पण सरळ सांगता येईना, जरा फिरून येते.

सासर भिंगारच्या पुढं, पाथर्डीच्या रस्त्याला. जमीन बरी होती, पण सगळी पावसाच्या भरवशावर. माझं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. बहात्तरचा दुष्काळ. तुम्ही नावानं ऐकला असेल. सासरे, थोरले दीर आणि माझा नवरा बैलं घेऊन छावणीवर गेले. आठ-पंधरा दिवसांत एखादा येऊन तोंड दाखवून जायचा. घरात राहिलो आम्ही तिघी—सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, माझी थोरली जाऊ आणि मी. जावेला मी आक्का म्हणायचे.

गावाबाहेर सरकारनं खडी फोडायचं काम काढलं होतं. आमच्या घरातल्या बायका तोवर दुसऱ्याच्या बांधावर कधी गेल्या नव्हत्या. आत्याबाईंनी आम्हा दोघींना पदर नाकापर्यंत ओढायला लावला आणि धाडलं. दिवसभर उन्हात हातोडी. खडीच्या कपच्या उडून गालाला लागायच्या. आक्का माझ्या वाटणीचे मोठे दगड ओढून आपल्याकडं घ्यायची. मी एकोणीस वर्षांची, उसाच्या मुलखातली, आईची लाडकी. हाताला फोड आले की रडायचे. आज मला त्या पोरीची कीव येते, खोटं कशाला बोलू. पण कीव येते म्हणून तिनं केलं ते बदलत नाही.

एका सकाळी मला उलटी झाली. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, त्या परदेशी तांबड्या ज्वारीची भाकरी माझ्या पोटात टिकतच नव्हती, दुसरं काही नाही. आत्याबाई बघत होत्या. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला—तसा मी त्याआधी कधी बघितला नव्हता. "चुकली का गं?" त्यांनी विचारलं. मी काय केलं? होय म्हणून मान हलवली. एवढंच. शब्दसुद्धा उच्चारला नाही. त्यांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि मला सावलीत बसवलं.

आता हे खोटं निभवायचं म्हणजे काय, ते त्या काळच्या बाईलाच कळेल. घरात कुणाची पाळी आली हे सगळ्यांना कळायचं, कारण ती बाई कडेला बसायची. चूल नाही, पाणी नाही, देव तर नाहीच. मला तर पुढच्या महिन्यात आली. मी कडेला बसले नाही. भाकरी थापल्या, हंडे भरले, आत्याबाईंनी सांगितलं म्हणून देवापुढं दिवाही लावला. कपडे बैलांच्या रिकाम्या गोठ्यात, गव्हाणीमागं लपवून वाळवले. देव कोपला नाही. कोपला असता तर बरं झालं असतं, असं पुढं वाटलं.

आक्काचं सांगायचं राहिलं. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पदरात काही नव्हतं. माझ्या लग्नाआधी एकदा तिनं घाईनं सांगून टाकलं होतं, दिवस गेले म्हणून. आत्याबाईंनी भावकीभर साखर वाटली. आणि थोड्याच दिवसांत आक्का कडेला बसली. तेव्हापासून ती चेष्टेचा विषय झाली होती. कुणी कशाचीही साखर वाटली की बायका तिच्याकडं बघून पदराआड हसायच्या. ती मात्र कुणाचा राग धरायची नाही. माझी बातमी कळली तेव्हा तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कामावर सरकारी सुकडी मिळायची, पोषणाचा गोडसर खाऊ, ती खायची सोडून पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. "तुला न्हाई, पोटातल्याला," म्हणायची. मी खायचे. तिच्यासमोर बसून खायचे.

आणि मग एक दिवस तिनं आत्याबाईंना हळूच सांगितलं. मी तिथंच होते, तांदूळ निवडत. "आत्याबाई, माझं बी अंग जड वाटतंय. चुकलीय मला. चार दिस घरी ऱ्हाऊ का?"

आत्याबाई वाईट नव्हत्या हो. पण एकदा तोंडघशी पडल्या होत्या, आणि घरात कुणीतरी कामावर जायलाच हवं होतं. त्या फटकन म्हणाल्या, "तिचं बघून तुला बी डोहाळं लागलं व्हय? एक बसलीय, तेवढं बास हाय."

मी तांदूळ निवडत राहिले. आक्का हातोडी घेऊन निघून गेली. त्या आठवड्यातच ती कडेला बसली. आत्याबाई मला म्हणाल्या, बघितलंस ना? मलाही बरं वाटलं, सुटल्यासारखं वाटलं. मग मी तिचं जेवण द्यायला मागच्या पडवीत गेले आणि दोरीवर तिचे कपडे बघितले. ते धुतलेले नव्हते. कोरडे होते, घडीच्या रेघा तशाच. गावात टँकर यायचा, घरात पाणी तांब्यानं घ्यायचं. न वापरलेला कपडा धुवायला आक्का पाणी वाया घालवणार नव्हती. पाळी आलेली बाई न आल्यासारखं कसं करते, हे मला माहीत होतं. मग न आलेली आल्यासारखं करतेय, हे मला कळायला वेळ लागेल का? टोमणे नकोत म्हणून बसली होती बिचारी. दिवस वर गेले, पोट दिसायला लागलं की आपोआप कळेल, असं तिनं ठरवलं असणार.

म्हणजे मला ठाऊक होतं. इथंच तर मी फिरून फिरून येत होते. खोटं बोलले हा माझा गुन्हा धाकटा आहे. थोरला हा—की घरात खरंच दिवस गेलेली बाई दगड फोडतेय आणि न गेलेली सावलीत बसलीय, हे मला एकटीला माहीत होतं. मला कबुलीसुद्धा द्यायची गरज नव्हती. आक्का, तू बस, आता मला बरं वाटतंय, उद्यापासून मी जाते—एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. किती सोपं वाक्य! ते मी रोज सकाळी मनात म्हणायचे. ती पदर ओढून बाहेर पडेपर्यंत म्हणायचे, आणि मग तिनं आणलेल्या सुकडीची वाट बघायचे.

पंधरवड्यानंतरची गोष्ट. दिवस कलताना आक्का भिंतीला धरत धरत आली आणि घरात न येता सरळ गोठ्यात गेली. मी मागं गेले. पुढचं मी सांगत नाही. ती ओरडली नाही, पदर दातात धरला होता तिनं. सगळं झाल्यावर मी तिचे कपडे घेऊन मागच्या दारी धुवायला बसले. तेवढं तरी करावं असं मला वाटलं.

आणि आत्याबाई आल्या. त्यांनी रक्त बघितलं, मला बघितलं. त्यांच्या हातातला तांब्या पडला. "अगं माझे लेकी," म्हणत त्यांनी मला उराशी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा धरलं. मला हुंदका फुटला, खरा हुंदका. तोच त्यांना पुरावा झाला. गोठ्याच्या दारात आक्का उभी होती, पांढरीफटक. मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. आत्याबाईंना सांगायला मला किती शब्द लागले असते? मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मला खाटेवर निजवलं. गरम पाणी, शेक, कुणाकडून तरी मागून आणलेला डिंक, सगळं झालं. शेजारच्या बायका येऊन बसून गेल्या. आक्का कडेलाही बसू शकली नाही, कारण पंधरा दिवसांपूर्वीच तर बसली होती, आता कुणाला काय सांगणार? तीच माझ्यासाठी पाणी तापवत होती. पेला माझ्या हातात देताना तिनं हळू आवाजात एवढंच म्हटलं, "ऱ्हाऊ दे, मालन. तुझं तरी समद्यास्नी खरं वाटतंय." आवाजात राग नव्हता. मी शोधला, मला सापडला नाही. एक दिवस घरी राहून ती पुन्हा खडीवर गेली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, बैलं परत आली. आणि घरात थोरल्या दिरांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी निघाली. आत्याबाईंचं म्हणणं होतं, हिची कूस कधी उजवलीच नाही तर किती वाट बघायची? कूस उजवली होती. ते बघितलेली मी, पलीकडं भाकरी थापत होते. माझा हात थांबलासुद्धा नाही. सवत आली, तिला मुलं झाली. आक्काला मागच्या पडवीत जागा मिळाली. गावानं तिला वांझ म्हटलं, सवाष्ण म्हणून ओटी भरायला बोलावणं बंद केलं. माझी तीन लेकरं तिच्याच मांडीवर वाढली. त्यांना न्हाऊ घालताना ती जे गुणगुणायची ते मला ऐकवायचं नाही. मी उठून बाहेर जायचे.

आम्ही त्यावर कधी बोललो नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. केडगावला मुलानं घर बांधलं तेव्हा मी तिला हट्टानं आणलं, माझ्याजवळ ठेवलं. लोक म्हणतात, जावाजावांत असं प्रेम बघितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तिच्या ओटीपोटात दुखायला लागलं. नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, गोड बोलणारी. आक्काला तेव्हा नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तिनं मला विचारलं, "आजींना मूलबाळ? कधी दिवस राहिले होते का?"

आक्काला ऐकू आलं नसेल, असं मला म्हणता येत नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. वाट बघितल्यासारखी नाही, नुसतीच. आत्याबाई जाऊन वर्षं लोटली होती. दीर नव्हते, माझा नवरा नव्हता. खोलीत घाबरावं असं कुणी नव्हतं. खरं सांगणं तिच्या औषधपाण्याच्याही कामी आलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

आक्कानं मान खाली घातली आणि पदर सारखा केला. परत येताना रिक्षात तिनं माझा हात धरला, खड्ड्यांची भीती वाटते म्हणून. उन्हाळ्यात ती गेली. दहाव्याला बायका जमल्या, बिचारीची कूस कोरडीच राहिली म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळून चुकचुकल्या—तुमचंही एक पडलं होतं ना हो त्या दुष्काळात?

मी हो म्हणाले.

ते आक्काचं होतं.