हातमोजा काढून बघ

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरासमोरचा बर्फ काढत होते. "गेले गं," काकू एवढंच म्हणाल्या. फावडं टाकून मी पायरीवर बसले.

त्याला आता तीन आठवडे झाले. इथल्या ईडन प्रेरी गावातल्या शोकसभेत सगळे त्यांना 'ॲनिमल हेल्थमधले तज्ज्ञ' म्हणत होते. अहो, सरळ डुकरांचे डॉक्टर म्हणा ना! नागपूरचा हा शुद्ध शाकाहारी माणूस मिनेसोटात जन्मभर डुकरांच्या मागे राबला आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. गणपतीच्या जेवणातसुद्धा कुणी विचारलं की रंगवून सांगायचे, आणि काकू डोळे वटारायच्या.

२००४ मध्ये त्यांनीच मला त्यांच्या कंपनीत आणलं. डुकरांच्या ट्रकांचं वेळापत्रक लावणारा प्रोग्रॅम मी लिहायचा होता. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि काका जागेवर नव्हते म्हणून ड्रायव्हरनं मलाच विचारलं, ट्रेलरच्या हवेच्या भोकांवर किती फळ्या लावू? मी पडले पुण्याची. आमच्याकडे जरा गारवा आला की पोराला कानटोपी, वर मफलर आणि घराच्या खिडक्या बंद. म्हटलं, सगळ्या लाव! मला वाटलं, दयाच केली.

ट्रक निघाल्यावर काकांना कळलं. ओरडले नाहीत. ड्रायव्हरला फोन करून ट्रक हायवेच्या पुढच्या एक्झिटला थांबवायला लावला आणि गाडीची किल्ली उचलली. "चल. एकही मरू द्यायचं नाही."

ट्रेलर उघडला तर आत नुसती वाफ. दीडशेवर डुकरांच्या श्वासाचं पाणी छतावरून ठिबकत होतं, खालचा लाकडाचा भुसा चिंब, वासानं डोळे चुरचुरले. डुकरं धापा टाकत होती.

"अगं, कोंडलं की गुदमरतात ती. आणि अंग ओलं असताना वारा लागला की संपलंच," काका म्हणाले. थोड्याच फळ्या काढल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. जवळच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून कोरडा भुसा आणला. साठी उलटलेला माणूस वाकून आत शिरला, मागोमाग मी. भुसा पसरून झाल्यावर मी वरवर चाचपलं तर म्हणाले, "हातमोजा काढून बघ. मोज्याला ओल कळत नाही."

बोटं बधिर झाली होती. मी चिडून म्हटलं, "काका, शेवटी चाललीत कत्तलखान्यातच ना?"

"हो. म्हणून वाटेत हाल करायचे?"

त्या दिवशी सगळी जिवंत पोचली. दुसऱ्याच दिवशी मी प्रोग्रॅममध्ये अट घातली: उघड्या हातानं भुसा तपासून ड्रायव्हरनं 'कोरडा' नोंदवल्याशिवाय डुकरं चढवायची नाहीत.

गेल्या सोमवारी नवा मॅनेजर म्हणाला, ही अट डिलीट कर, ट्रक उशिरा निघतात. माझं डोकंच फिरलं. काकांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता! त्याला तशीच यार्डात घेऊन गेले. धुऊन आलेला एक रिकामा ट्रेलर उभा होता, वरून भुसा छान दिसत होता. "घाला हात," मी म्हटलं, "उघडा." त्यानं घातला, आणि झटकन काढून पँटला पुसला. तळाशी धुतल्याचं पाणी तसंच होतं.

मला रडू आवरेना. सगळे ड्रायव्हर बघत होते, बघोत. डोळे पुसत पुसतच मी फावडं मागवलं आणि त्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला तो सगळा भुसा बाहेर काढायला लावला. अट काढायचं मग कुणी बोललं नाही.