स्टेनोबाईंची हरकत

स्टेनोबाईंना टीव्हीवरचा खून सहन होत नसे, आणि तरीही त्या एकही खून चुकवत नसत. हातात रिमोट घेऊन पलंगावर ताठ बसायच्या आणि दर दोन मिनिटांनी चित्र थांबवून त्याच्याशी भांडायच्या. "खोटं!" हा त्यांचा आवाज सक्करदऱ्यातल्या त्या घराच्या तळमजल्यावरून थेट माझ्या वरच्या खोलीत येई. मी त्यांची भाडेकरू होते. मला ती बाई मुळीच आवडत नसे, हे आधीच सांगून टाकते.

तीस वर्षं त्या सत्र न्यायालयात स्टेनो होत्या. खुनाच्या खटल्यांतल्या साक्षी टाइप करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मी एका दैनिकाच्या पुरवणीत काम करत होते. एकसारख्या दोन गुन्हेमालिका घ्यायच्या, त्यांची तुलना करायची आणि वाचकांनी कोणती पाहावी ते सांगायचं, असा माझा स्तंभ दर शनिवारी येई. लोकांना तो आवडायचा. स्टेनोबाई मात्र तो कापून, त्यावर लाल पेनाने रेघोट्या ओढून, रविवारी सकाळी माझ्या दाराखालून सरकवत. एकदा तर समासात नुसतं लिहिलं होतं, 'अक्कल?'

एका रविवारी मी तो कपटा घेऊन खाली गेले. "एवढा त्रास होतो तर बघता कशाला?" मी विचारलं.

"तू दोन्हीले चांगलं म्हणते म्हणून," त्या म्हणाल्या. "दोन्हीत एक बाई पहिल्याच मिनिटाले मरते. तिचं नाव कितव्या मिनिटाले समजते, ते काहून नाही लिहीत? मी घड्याळ लावलं. एकीत बावीस मिनिटं. दुसरीत तर शेवटपर्यंत नाही. आता कर तुलना."

मला रागच आला. माझ्या मैत्रिणींत मी त्यांची नक्कल करून दाखवत असे. त्यांनाही ते ठाऊक असावं. जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघून पुढे जायच्या.

पुढे एकाच कथानकाच्या दोन मालिका लागोपाठ आल्या. दोन्हींत लहान गावातल्या दुकानदाराचा खून आणि संशय बायकोवर. पहिलीत बायको निर्दोष निघते. दुसरीत तिनेच खून केलेला असतो. ही दुसरी विदर्भातल्या एका जुन्या खटल्यावर बेतलेली होती. मी तिलाच वर ठेवलं. 'शेवटचा धक्का लाजवाब,' असं लिहिलं, आणि 'या बाईच्या डोळ्यांतलं पाणी पहिल्यापासूनच खोटं वाटतं,' असंही.

त्या रविवारी कपटा आला नाही. सोमवारी सकाळी स्टेनोबाई स्वतःच जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. धापा टाकत दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चप्पल घाल. चाल माह्यासंग."

धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांनी मला नेलं. नोंदणीच्या खिडकीमागे पन्नाशीची एक बाई पेशंटची नावं लिहून घेत होती. "हेच ते बाई," स्टेनोबाई मला म्हणाल्या. "ज्याच्या खुनावर तुह्या मालिकेनं धक्का बसवला, त्याची बायको. खून त्याच्या भागीदारानं केला. त्याले शिक्षा झाली. फिर्याद हिनं दिली, साक्ष हिनं दिली. टाइप मी केली."

गर्दी ओसरल्यावर ती बाहेर आली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "माही पोरगी पुण्याले होस्टेलवर आहे. बाप गेला तेव्हा तीन वर्षांची होती. मैत्रिणींसंग तिनं ते पाहिलं. तुमचं लिहिलेलं मले फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाली, आई, खरं सांग." मग तिने विचारलं, "तुम्ही लिहिण्याआधी कोणाले विचारलं होतं काय जी?"

परत येताना ऑटोत मी तावातावाने म्हणाले, "मालिकेत नावं बदललेली होती. मी फक्त मालिकेबद्दल लिहिलं."

"नावं बदलली. गाव बदललं? दुकान बदललं?" एवढंच विचारून त्यांनी तोंड फिरवलं.

मी खुलासा लिहिला. संपादकांनी त्याच्या दोन ओळी केल्या आणि आतल्या पानावर कोपऱ्यात टाकल्या. स्टेनोबाईंनी त्या भिंगातून वाचल्या आणि पेपर बाजूला ठेवला. त्यांनी त्या बाईकडून कोर्टाच्या कागदांच्या नकलेचा अर्ज लिहून घेतला. मग गुडघ्यांना पट्टे बांधून चार वेळा कोर्टात गेल्या आणि जुन्या साक्षीची नक्कल मिळवून आणली. सुट्टीत मुलगी आली, तेव्हा तिला आणि तिच्या आईला खाली आपल्या घरी बोलावून कागद पुढे ठेवले. मलाही बसवलं. "वाच. मोठ्यानं वाच. हिलेही ऐकू दे."

मुलगी वाचू लागली. आईला उलटतपासणीत काय काय विचारलं होतं, ते आम्ही तिच्या तोंडून ऐकलं. तू नटून दुकानात का जायचीस? त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर का झाला? एका ठिकाणी लिहिलं होतं, 'साक्षीदार रडत असल्याने कामकाज दहा मिनिटे थांबविले.' तिथे मुलगी थांबली. आई भिंतीशी उभी होती. मुलगी उठून तिच्याजवळ गेली आणि तिने आईला घट्ट धरलं. स्टेनोबाई मला म्हणाल्या, "चहा टाक. बघत काय बसली?"

मी स्तंभ सोडला. सांगायला गेले, तर स्टेनोबाई म्हणाल्या, "मोठं काम केलं असं समजू नको. तुह्या जागी उद्या दुसरी येईन." महिन्याभरात दुसरी आलीच. मी कोर्टाच्या बातम्या मागून घेतल्या. माझी पहिली बातमी दाराखालून परत आली. लाल पेनाने चौदा दुरुस्त्या होत्या. एकही चुकीची नव्हती.

मागच्या वर्षी त्या बहिणीकडे अमरावतीला गेल्या. निघताना मी पाया पडायला वाकले, तर पाय मागे घेतले. "कामाले जा. उशीर होऊन राहिला." उन्हाळ्यात त्यांच्या फोनमधल्या नंबरांवर कळवताना बहिणीचा मलाही फोन आला. झोपेतच गेल्या म्हणे. बहिणीने मग विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? मी म्हणाले, भाडेकरू.

"हो, सांगत होती," बहीण म्हणाली. "म्हणे, वर एक आगाऊ पोरगी राहते. पण शिकून राहिली आहे."