ग्रुपवर पहिला हात माझाच

गेल्या महिन्यात मीटिंग संपवून आम्ही सगळ्या बसस्टँडवर उभ्या होतो. सीमाने मला बाजूला घेतलं आणि हातात एक कागद दिला. माझं मराठी बरं, म्हणून अर्जबिर्ज सगळ्या माझ्याकडूनच तपासून घेतात. मला वाटलं रजेचा असेल... तर राजीनामा होता.

(सीमा हे नाव बदललेलं आहे. बाकी सगळं तिला विचारूनच लिहितेय.)

आम्ही दोघी अंगणवाडी सेविका. माझी एकोणीस वर्षं झाली, तिची जेमतेम दोन. तिचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून, मोबाइलला रेंज अशी नाहीच. रोज मुलांचे फोटो ॲपवर टाकायचे म्हणजे ती पाण्याच्या टाकीच्या अर्ध्या जिन्यापर्यंत चढायची, एका हाताने कठडा धरून, आणि तरी फोटो बरेचदा जायचेच नाहीत.

आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल सांगते. आम्ही चोवीस सेविका आणि वर आमच्या पर्यवेक्षिका मॅडम. जिचं काम अपलोड झालं नाही तिच्या नावाचा स्क्रीनशॉट मॅडम सकाळी ग्रुपवर टाकायच्या आणि खाली दोन ओळी... 'जमत नसेल तर घरी बसा', 'फुकटचं मानधन घेता का'. मुलांची हजेरी कमी दिसली तरी तेच. धानाची रोवणी सुरू झाली की आया लेकरांना घेऊन शेतात, बांधीवर जातात, हे काय मॅडमना माहीत नव्हतं?

मग त्याखाली आमचे जोडलेले हात. 'जी मॅडम' आणि हात, 'बरोबर मॅडम' आणि हात... पाच मिनिटांत वीस-बावीस. मेसेज वाचला याची ती पोच, असं मी तरी समजत होते.

आणि या कामात माझा नंबर पहिला. गॅसवर चहा ठेवता ठेवता हात जोडून मोकळी... नवरा म्हणायचा, देवाला तरी इतक्या लवकर जोडतेस का. मी हसायची.

चार महिन्यांपासून त्या स्क्रीनशॉटवर जवळपास रोज सीमाच होती.

राजीनाम्यात कारण लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'. मी विचारलं, घरी काय झालं, नवरा काही बोलला का, सासू? तर म्हणाली, घरचे तर सोडू नको म्हणतात. मग मी शहाणपणा शिकवायला लागले... मॅडमचा स्वभावच तसा, मनावर घ्यायचं नाही, एका कानाने ऐकायचं...

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "मॅडमचं बोलणं मले याद बी नाही राहत, बाई. त्याच्या खालचे हात याद राहते. पयला हात रोज तुमचाच राहते."

रागाने नाही म्हणाली. आमच्या गोंदियाकडे बोलणं असंच, सरळ. पण भर बसस्टँडवर मला इतकी लाज वाटली की... तिची बस आली, ती चढून गेली आणि कागद माझ्याच हातात राहिला.

दोन दिवसांनी सकाळी ग्रुपवर पुन्हा सीमाचा स्क्रीनशॉट. अंगठा सवयीने निघालाच होता, आवरला. मग खाली बसून लिहिलं, 'मॅडम, सीमाच्या गावात रेंज नाही, ती टाकीवर चढून फोटो पाठवते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिला काही सांगायचं असेल तर कृपया फोन करून सांगावं. सगळ्यांसमोर नको.' पाठवलं आणि फोन पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला.

खोटं कशाला बोलू, घाबरले होते. मॅडमनी मनात आणलं तर माझ्या कामात दहा चुका निघतील. अंगणवाडीत मदतनीस दोनदा म्हणाली, बाई, खिचडी लागून राहिली. लेकरांनी तशीच खाल्ली बिचाऱ्यांनी.

अकरा वाजता हिंमत करून ग्रुप उघडला. माझ्या मेसेजखाली काहीच नव्हतं, कुणी साथ दिली नव्हती. पण मॅडमच्या मेसेजखालीही एकही हात नव्हता... सगळ्यांनी वाचलं होतं आणि सगळ्या गप्प होत्या. त्या गप्प बसण्याने मला केवढा धीर आला, काय सांगू.

बारा वाजता मॅडमचा फोन. "तुम्हाला जे बोलायचं होतं ते मला फोनवर नव्हतं बोलता येत? सबके सामने लिहायची काय गरज होती?"

मी म्हटलं, "तेच तं म्हणून राहिली मॅडम. सीमाले बी फोनच पाहिजे होता."

मग मॅडम हळू आवाजात सांगू लागल्या की त्यांच्या वरच्या साहेबांचाही एक ग्रुप आहे, तिथे त्यांचंही नाव रोज येतं... "पण तिथे माझ्यासाठी असं कोणी लिहीत नाही." मी जेवण झालं का, एवढंच विचारलं.

माफी कुणी कुणाची मागितली नाही. पण त्या दिवसापासून स्क्रीनशॉट बंद आहेत. जिला बोलायचं तिला मॅडम फोन करतात, आणि चांगलं खडसावतातही... पण ते त्या दोघींत राहतं. सीमाने फोटो काढून ठेवायचे आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आली की एकदम पाठवायचे, असं मॅडमनीच ठरवून दिलं.

आणि राजीनामा? तपासायला दिला होता ना, मी अजून तपासतेच आहे. परवाच्या मीटिंगला सीमा माझ्याच बाजूला बसली, माझ्या डब्यातली भाजी खाल्ली, कागदाचं नावही काढलं नाही.

बायका मला म्हणतात, तुम्ही मोठी हिंमत केली. माझी कसली हिंमत... सीमा, थँक यू गं. तू माझ्या तोंडावर बोलली नसतीस तर गुपचूप नोकरी सोडून गेली असतीस, आणि मी रिटायर होईपर्यंत स्वतःला चांगली बाई समजत राहिले असते.