तरवडाचे कान

एम.एस्सी.ला असताना मी संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्याच्या माळावर वनस्पतींचे नमुने गोळा करत होतो. आईच्या शुगरसाठी तरवडाची फुलंही हवी होती. पिवळी फुलं दिसली तशी मी पिशवी भरू लागलो. शेळ्या राखणारी एक म्हातारी बांधावर बसली होती. ती उठून आली, पिशवीत डोकावली.

"हे कशाला रं लेकरा?"

"आईच्या काढ्याला. तरवड आहे ना."

"नाय, कासविंदा हाय. ह्याच्या शेंगा खाऊन माझ्या दोन शेळ्या गेल्या." तिनं माझी पिशवी तिथंच उलटी केली.

"फुलं तर दोन्हींची पिवळीच," मी ओशाळून म्हणालो.

"फुलाकडं नाय बघायचं. पानाच्या बुडाशी कान हाय का, ते बघायचं." पदराला हात पुसत तिनं पलीकडच्या झुडपाची फांदी वाकवली. प्रत्येक देठाच्या बुडाशी खरंच कानाच्या पाळीसारखं गोल पान होतं.

सेना ऑरिक्युलाटा हे तरवडाचं नाव मी पाठ केलं होतं. शास्त्रज्ञांनी त्याला कॅसिया प्रजातीतून सेनात हलवलं, पण ऑरिक्युलाटा तसंच ठेवलं. त्याचा अर्थ कान असलेला, हे मला त्या माळावर उमगलं.

ती फांदी मी तोडून आणली आणि वाळवून कागदावर लावली. खालच्या चिठ्ठीत ओळख पटवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. तिथं मी माझं लिहिलं, आणि मला पूर्ण गुण मिळाले.