सव्वाबारा घेईचना

त्या सकाळी माही बायको शांता अन् मी मेथीच्या जुड्या बांधून राहिलो होतो. "जुडी हाय का कडब्याची पेंढी? आवळा जराशी!" ती मले म्हणे. मंग तिनं छातीले हात लावला…

भूतबित, अंगात येणं, हे मी कदी मानलं नाई. सातवीत शाळा सोडलेला माळी माणूस आहो, पण बह्याड नाई. झालं तेच लिहून राहिलो.

हिवरखेडहून भाड्याच्या गाडीनं अकोल्याले निघालो. शांताचं डोकं माह्या खांद्यावर. अकोटच्या पुढं एका शाळेत सव्वादहाची प्रार्थना चालू होती, तवाच तिचा हात माह्या हातात ढिला पडला. मले समजलं. दवाखान्यात तिले आत नेलं, नळ्या लावल्या, मले बाहेर काढलं. किती वेळ उभा राहू? चहा प्याले गेलो. आलो तर कागद तयार — मृत्यूची वेळ, दुपारी सव्वाबारा.

"साहेब, ती रस्त्यातच गेली," मी म्हटलं.

"आजोबा, तुम्हाला काय समजतं त्यातलं?"

तेरवीले माह्या मोठ्या साळ्यानं भर पंगतीत म्हटलं, "माही बहीण परक्या लोकाईत एकटी मेली, अन् जवाईबुवा चहा ढोसून राहिले होते!" माही लेक वनिता खाली मान घालून वाढत राहिली.

वनिता अमरावतीले वेबसाईटा बनवते. मंग मी तिच्याकडं गेलो, तर ती आमच्या समाजमंडळासाठी निधनवार्तेचं पान बनवून राहिली होती.

"बाबा, हे जावास्क्रिप्ट. कोणी तीस फेब्रुवारी टाकली, का पंचवीस वाजले म्हटलं, तर हे अडवते. पहिलं नाव आईचंच टाकू."

तारीख घेतली. सव्वाबारा टाकले, तर लाल अक्षरं — 'वेळ चुकीची आहे.' पुन्हा टाकले. पुन्हा लाल. भलत्याच नावानं तीच तारीख, तीच वेळ टाकली, तर गुमान घेतली. शांताचं नाव टाकलं का लाल!

"बाबा, हे नाव पायतच नाई हो! तास तेवीसच्या वर नाई, मिनिटं एकोणसाठच्या वर नाई, अन् वेळ पुढची नाई — एवढंच पायते."

"सव्वादहा टाक."

"कागदावर सव्वाबारा हाय ना, बाबा."

"टाक म्हणतो ना!"

घेतलं. एका झटक्यात.

वनिता रडाले लागली. "म्हणजे तुमी खरंच सांगत होते, बाबा?"

तवा मले जो राग आला! बाप तोंडानं सांगते तवा खोटा, अन् हा डब्बा सांगते तर खरं?

तिच्या हापिसातल्या दोघाईनं संध्याकाळी येऊन तपासलं. एक म्हणे, ब्राउझरची जुनी आठवण साफ करा. दुसरा म्हणे, नावात रिकामी जागा राहिली असंन. दोन्ही करून पायलं… सव्वाबारा लालच. काहून, त्याइले सांगता आलं नाई. मलेई नाई. आजवर नाई.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून साळ्याच्या गावी गेलो. तो अंगणात दात घासून राहिला होता.

"या जवाईबुवा, बसा."

बसलो नाई. "भाऊ, तुमची बहीण एकटी नाई मेली. माह्या खांद्यावर गेली. पंगतीत ज्याइच्यापुढं बोलले, त्या साऱ्याईले घरोघरी जाऊन सांगा."

मशीनचं नाव काढलं नाई. काहून काढू?