टोमॅटोचं कालवण
२०१२ साली मी चौपन्न वर्षांचा, ओमानमधल्या रुस्ताकच्या कॅम्पात सुतार होतो. आज सुनेनं आमसुलांचा डबा उघडला आणि त्या आंबट वासानं तिथली मेस आठवली. मच्छीच्या कालवणात आमसूल की टोमॅटो, यावरून माझं आणि कोल्हापूरकडच्या ड्रायव्हरचं वर्षभर बोलणं बंद होतं; मी आमसूलवाला, तो टोमॅटोवाला. मेसचा कारभारी निवडायचं ठरलं, तेव्हा आम्ही दोघं आणि एक वेल्डर उभे राहिलो. जिंकेल त्याच्या मनासारखं कालवण. आयरिश साहेब म्हणाला, आमच्याकडे नगरपालिकेला नावांपुढे पसंतीचे आकडे घालतात. जो सगळ्यात मागे पडेल तो बाद, आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीला जातात. मी एकच आकडा घातला, माझ्यापुढे. मोजणीत वेल्डर पुढे, मी मागोमाग, ड्रायव्हर बाद. साहेब त्याच्या चिठ्ठ्या पुन्हा उलगडू लागला, तर जवळजवळ सगळ्यांवर दोन नंबरला मी! जिंकलो. ड्रायव्हर सगळ्यांदेखत म्हणाला, "मीच सांगितलं हुतं आमच्या पोरांस्नी. सुतार डोक्यानं तिरपागडा हाय, पर दुसऱ्याच्या ताटातलं खाणारा न्हाई." कालवणाला आमसूलच लागतं, हे मी आजही सांगतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी म्हणून मेसच्या किचनमध्ये गेलो आणि आचाऱ्याला म्हटलं, "यल्ला, चल, आज टोमॅटो चीर."