चार टायर आणि एक सखोल माणूस

मोजणी खात्यातल्या हेडक्लार्कना कचेरीत सगळे सखोलराव म्हणत. कुठलाही कागद समोर आला की ते चष्मा पुसत आणि म्हणत, "विषय सखोल आहे." मग तो कागद महिनाभर टेबलावर राही.

गेल्या वर्षी गॅरेजवाल्याने त्यांच्या गाडीच्या टायरवरून अंगठा फिरवला. "साहेब, हे टायर आहेत की आरसे? नक्षी पार पुसली गेलीये. चारही बदला, आजच."

"आज कसं? विषय सखोल आहे," सखोलराव म्हणाले.

त्यांनी दोनशे पानी वही आणली. टायरच्या कडेवर कोरलेल्या आकड्यांत रुंदी कुठली, उंची कुठली, टायर कुठल्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला, सगळं पाठ केलं. शेजाऱ्यांच्या गाड्यांपाशी ते टॉर्च घेऊन उकिडवे बसू लागले, तेव्हा वॉचमनने दोनदा त्यांना हटकलं. तिसऱ्यांदा त्याने आपल्या स्कूटरचा टायर दाखवून सल्ला विचारला.

तिथून त्यांचं नाव झालं. दाताचे डॉक्टर आले, बायकोची मैत्रीण आली, शेवटी खुद्द साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. बावीस वर्षांत ती त्यांना मिळाली नव्हती. ओल्या रस्त्यावर कुठली नक्षी पाणी कसं कापते, यावर सखोलराव तासभर बोलले. साहेबांनी त्याच संध्याकाळी टायर घेतले. टायरच्या दुकानदाराने तर सखोलरावांसाठी वेगळा कप ठेवला. पाच महिन्यांत त्यांच्या शब्दावर अकरा गाड्यांचे टायर बदलले.

बारावी गाडी त्यांची स्वतःची होती. तिचा अभ्यास चालू होता.

बायको शाळेत गणित शिकवायची. ती एवढंच म्हणाली, "अहो, अकरा जणांना सांगितलंत त्यातलंच एखादं घ्या की."

"त्यांच्या गरजा वेगळ्या होत्या. आपली अजून ठरायची आहे."

मग सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस आला. सकाळी सरी पडून गेलेल्या. सखोलराव गाडी हळू चालवत होते. सिग्नल लाल झाला, पुढची गाडी जागच्या जागी थांबली. यांनीही ब्रेक दाबला, पण गाडीने काही ते मनावर घेतलं नाही. ती सावकाश, अगदी अदबीने घसरत गेली आणि पुढच्या गाडीला मागून टेकली.

"पोचलो का?" मागून सासूबाईंनी विचारलं.

पुढच्या गाडीतून साहेब उतरले. त्यांनी आपला चेपलेला बंपर पाहिला. मग वाकून सखोलरावांचे टायर पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हे कुणाच्या सल्ल्याने घेतलेत?"

सखोलरावांनी चष्मा पुसायला काढला आणि तो पुसतच राहिले.

दवाखान्यात आईला आत नेल्यावर बायकोने त्यांच्याकडे हात पुढे केला. त्यांनी निमूट किल्ली दिली. ती जपून, पायी चालल्याच्या वेगाने, गल्लीपलीकडच्या त्याच टायरच्या दुकानात गेली. दुकानदाराने विचारलं, "वहिनी, तुमच्या साहेबांचं कुठलं ठरलं शेवटी?"

"त्यांचं चालू द्या. या गाडीला बसतील असे, ताजे, चार द्या."

ऑपरेशन संपायच्या आत ती परतली होती. सखोलरावांनी बाहेर येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसून आकडे वाचले. तीन टायर एका आठवड्यातले निघाले आणि चौथा त्याआधीच्या आठवड्यातला. ते बोलणार होते, पण बायको बिल नीट घडी करून पर्समध्ये ठेवत होती. तिच्या हातांकडे पाहून ते उठले आणि पँट झटकू लागले.

परतीच्या वाटेवर किल्ली पुन्हा सखोलरावांकडे होती. एका सिग्नलला गाडी हातभर अंतर राखून चोख थांबली. सासूबाई डोळ्यावरच्या पट्टीखालून म्हणाल्या, "आता छान चालवताय हो जावईबापू."

कसलाही अभ्यास न करता घेतलेले टायर इतके चांगले निघावेत, हे सखोलरावांच्या मनाला फार लागलं होतं.